गाठीचे वजन हे विलंबाचे माप

'पोटातून अमुक किलोची गाठ काढली' अशी बातमी मराठी, कन्नड आणि हिंदी वृत्तपत्रांत वर्षातून अनेकदा येते. शहर बदलते, कधी म्हैसूर, कधी नागपूर, कधी सोलापूर. बातमीचा साचा मात्र तोच राहतो. शस्त्रक्रियेला किती तास लागले, गाठ किती किलोची होती, किती डॉक्टरांचा चमू होता, एवढे सांगून झाले की शेवटी एक वाक्य येते: गाठ कर्करोगाची नव्हती, रुग्णाची प्रकृती उत्तम आहे. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

शल्यविशारदांचे कौतुक रास्तच आहे. परंतु ज्या आकड्याभोवती हे कौतुक रचले जाते, तो आकडा नेमके काय मोजतो, हे एकदा तपासायला हवे.

गाठ गोलाकार धरली, तर पाच सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचे आकारमान सुमारे ६५ मिलिलिटर भरते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचे आकारमान होते सुमारे ४,२०० मिलिलिटर, म्हणजे ढोबळमानाने चार किलो. व्यास चौपट झाला की आकारमान चौसष्टपट होते; म्हणजे ते सहा वेळा दुप्पट झालेले असते. त्या प्रत्येक दुपटीदरम्यान काही महिने गेले, कधी काही वर्षे गेली. त्या काळात रुग्णाने पोट फुगल्याची तक्रार कुणाकडे तरी केली असेल, गॅसच्या गोळ्या घेतल्या असतील, किंवा शंभर रुपयांची मजुरी बुडेल म्हणून दवाखान्याची पायरीच चढली नसेल. चार किलो हा आकडा शस्त्रक्रियेचा पराक्रम सांगतो असे वाटते. तो प्रत्यक्षात सहा हुकलेल्या संधींचा हिशेब असतो. गाठीचे वजन हे विलंबाचे माप आहे.

महाराष्ट्रातील दोन घटना या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली घटना १९९९ सालची. नागपूरच्या एका छत्तीस वर्षांच्या माणसाचे पोट लहानपणापासूनच मोठे होते. पुढे ते इतके वाढले की लोक त्याची थट्टा करीत. त्या वर्षीच्या जून महिन्यात त्याला श्वास घेणेही कठीण झाले आणि मोठे अर्बुद आहे असे समजून शस्त्रक्रिया ठरली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. अजय मेहता यांनी पोट उघडले, तेव्हा आत हातपायांसारखे अवयव, केस आणि हाडे सापडली. हा 'गर्भातील गर्भ' होता. जुळ्यांपैकी एकाची वाढ दुसऱ्याच्या पोटात अडकून राहते, अशी या अवस्थेची एक उपपत्ती आहे. हे अतिशय परिपक्व असे सौम्य अर्बुदच होय, अशी दुसरी. पाच लाख जन्मांत साधारण एकदा आढळणारी ही स्थिती त्या माणसाने साडेतीन दशके पोटात वागवली, आणि निदान झाले ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

दुसरी घटना जानेवारी २०२५ मधली. बुलढाण्याच्या शासकीय रुग्णालयात सुमारे ३५ आठवड्यांच्या गर्भवतीची नेहमीची सोनोग्राफी चालू असताना, पोटातील बाळाच्या पोटात काही वेगळे दिसते आहे, हे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले. निदान तेच होते. प्रसूतीनंतर बाळाला अमरावतीच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात नेण्यात आले आणि जन्मानंतरच्या पहिल्याच काही दिवसांत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

दोन्ही घटनांच्या बातम्या 'पोटात बाळ' या एकाच नवलाईने छापून आल्या. पण विज्ञानाच्या दृष्टीने खरी बातमी त्या दोघींमधल्या अंतरात आहे. एका रुग्णाला निदानासाठी छत्तीस वर्षे लागली, दुसऱ्याचे निदान जन्माआधीच झाले. हा फरक कोणत्या महागड्या यंत्राने घडवला नाही. जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीचे साधे यंत्र होते, ते नियमित वापरले जात होते, आणि पडद्यावरची प्रतिमा पाहणाऱ्या डॉक्टरांना थांबून दुसऱ्यांदा पाहावेसे वाटले. पुढे रुग्णाला कुठे पाठवायचे तेही ठरलेले होते. निदानाची साखळी अशी असते. ती जिथे तुटते तिथे गाठ वाढत राहते.

आता शब्दांकडे वळू. 'दुर्मीळ' आणि 'सौम्य' ही दोन विशेषणे या विषयात सतत वापरली जातात, आणि दोन्ही फसवी आहेत.

सौम्य अर्बुद म्हणजे जे दूरच्या अवयवांत पसरत नाही ते. ही व्याख्या पेशींच्या वर्तनाची आहे. रुग्णाच्या सुखदुःखाशी तिचा थेट संबंध नाही. पोट ही बंदिस्त जागा आहे. तिथे न पसरणारी गाठही आतडे दाबू शकते, मूत्रवाहिनी अडवू शकते, मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घालू शकते. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात होणारे डेस्मॉइड हे अर्बुद दूर कुठेही पसरत नाही. पण जवळच्या ऊतींत मुळांसारखे घुसते आणि काही रुग्णांच्या जिवावरही बेतते.

फिओक्रोमोसायटोमाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीत ही गाठ होते आणि ॲड्रेनालिनच्या कुळातील संप्रेरके रक्तात सोडते. डोकेदुखी, घाम, धडधड आणि एकाएकी भडकणारा रक्तदाब ही तिची लक्षणे. बहुसंख्य रुग्णांत ती पसरत नाही, म्हणून तिला पूर्वी 'सौम्य' म्हटले जाई. परंतु कोणती गाठ पुढे पसरेल हे सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने सांगता येत नाही, हे लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात सौम्य आणि दुर्धर ही विभागणीच या गाठीपुरती सोडून दिली. म्हणजे ज्या विशेषणावर विसंबून वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो, ते शास्त्रानेच मागे घेतले आहे.

राहिला 'दुर्मीळ' हा शब्द. डेस्मॉइडचे नवे रुग्ण दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे दोन ते चार आढळतात. फिओक्रोमोसायटोमा आणि त्याच्या भावंड-गाठींसाठी हा आकडा सुमारे दोन ते आठ असा सांगितला जातो. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींवरून आलेले आहेत, तरी अंदाजापुरते ते वापरता येतील. २०११ च्या जनगणनेनुसार म्हैसूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे तीस लाख होती. म्हणजे एकट्या म्हैसूर जिल्ह्यात दरवर्षी डेस्मॉइडचे सहा ते बारा आणि फिओक्रोमोसायटोमाचे सहा ते चोवीस नवे रुग्ण अपेक्षित आहेत. शेजारच्या मंड्या, चामराजनगर आणि कोडगू या जिल्ह्यांतूनही रुग्ण म्हैसुरास येतात. तिथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे, जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. म्हणजे त्या शहरातल्या डॉक्टरांसमोर असा रुग्ण महिन्यातून निदान एकदा तरी यायला हवा. संपूर्ण देशाचा विचार केला तर १४० कोटी लोकसंख्येत केवळ डेस्मॉइडचे वर्षाला तीन ते साडेपाच हजार रुग्ण होतात. 'दुर्मीळ' हा शब्द एका डॉक्टरच्या अनुभवापुरता खरा आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेला तो शोभत नाही.

मग निदान अवघड का? येथे भौतिकशास्त्राचा भाग येतो, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो विशेष रोचक वाटेल.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण शरीराच्या प्रत्येक बिंदूपाशी किती शोषले जातात हे मोजतात. त्याची मोजपट्टी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना आणि भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक यांना या तंत्रासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे हजारावर आणि चरबी उणे शंभराच्या आसपास असते. अधिवृक्क ग्रंथीतील बहुसंख्य निरुपद्रवी गाठींच्या पेशींत चरबी भरलेली असते, त्यामुळे रंगद्रव्य न देता काढलेल्या सीटीत त्यांचा आकडा दहा किंवा त्याहून कमी येतो. फिओक्रोमोसायटोमाचा आकडा जवळजवळ नेहमीच दहाच्या वर असतो. एक साधी संख्या, आणि तिच्यावर रुग्णाचा पुढचा मार्ग अवलंबून.

एमआरआयची युक्ती अधिक सुंदर आहे. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे अणुकेंद्रक भोवऱ्यासारखे डोलते. चरबीतील आणि पाण्यातील हायड्रोजनच्या डोलण्याच्या वारंवारतेत सुमारे ३.५ दशलक्षांश इतकाच फरक असतो. दीड टेस्लाच्या यंत्रात तो होतो सेकंदाला सुमारे २२० आवर्तने. त्यामुळे संकेत सुरू झाल्यावर साधारण २.२ मिलिसेकंदांनी पाणी आणि चरबी परस्परविरुद्ध कलेत असतात आणि साधारण साडेचार मिलिसेकंदांनी पुन्हा एका कलेत येतात. दोन्ही क्षणी प्रतिमा घेतल्या आणि पहिल्या प्रतिमेत गाठ काळवंडली, तर तिच्या पेशींत पाण्याबरोबर चरबी मिसळलेली आहे असे समजते. सुई न टोचता, पोट न उघडता, केवळ दोन लहरींच्या बेरीज-वजाबाकीने पेशीच्या आतले द्रव्य ओळखता येते.

पण प्रतिमा म्हणजे निदान नव्हे. प्रतिमा शक्यता कमीजास्त करते, आणि ती शक्यता मुळात किती होती यावर सारे अवलंबून असते. समजा, उच्च रक्तदाबाच्या एक हजार रुग्णांपैकी दोघांना फिओक्रोमोसायटोमा आहे, आणि रक्ताची चाचणी दोघांनाही पकडते. मात्र निरोगी शंभरांपैकी दहा जणांनाही चुकून 'आहे' म्हणते. तर सुमारे १०२ जणांचे अहवाल 'आहे' असे येतील आणि त्यांतले खरे फक्त दोन असतील. आता हीच चाचणी अधिवृक्क ग्रंथीत गाठ दिसलेल्या शंभर जणांवर करा, ज्यांत पाच जणांना हा आजार असणे अपेक्षित आहे. 'आहे' असे अहवाल येतील सुमारे पंधरा, आणि त्यांतले खरे पाच. चाचणी बदलली नाही, यंत्र बदलले नाही. योग्य रुग्णापुढे योग्य प्रश्न ठेवला एवढेच, आणि त्याच चाचणीचे मोल अनेक पटींनी वाढले. सरसकट सर्वांची तपासणी करा, हा उपाय म्हणूनच चुकीचा ठरतो. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे चार टक्के प्रौढांत अधिवृक्क ग्रंथीची गाठ योगायोगाने सापडते आणि त्यांतील बहुसंख्य आयुष्यभर काहीही करत नाहीत. जास्त यंत्रे लावली तर जास्त गाठी दिसतील, जास्त भीती पसरेल. नेमका विचार त्याने वाढेलच असे नाही.

निदान चुकले तर काय होते? फिओक्रोमोसायटोमा आहे हे न ओळखता सुई टोचली किंवा थेट भूल देऊन शस्त्रक्रिया सुरू केली, तर हाताळलेली गाठ संप्रेरकांचा लोंढा रक्तात सोडते, रक्तदाब आकाशाला भिडतो आणि रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. याउलट आधी रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिन मोजले, सात ते चौदा दिवस रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे दिली, मीठ आणि पाणी वाढवून रक्ताचे आकारमान पूर्ववत केले, तर तीच शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित होते. या तयारीसाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. जीव वाचवणारी गोष्ट येथे औषधाच्या किमतीत नाही, क्रमात आहे. आधी रसायन, मग सुरी.

डेस्मॉइडमध्ये चूक वेगळ्या प्रकारची होते. पोटात गाठ आणि अंगात बारीक ताप म्हटला की भारतात डॉक्टरच्या मनात पहिला विचार क्षयरोगाचा येतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण या देशात असल्याने हा विचार चुकीचाही नाही. पण पुराव्याविना सुरू केलेली क्षयाची औषधे महिनोन्महिने चालू राहतात आणि गाठ तिचे काम करत राहते. दुसरा गोंधळ आतड्याच्या भिंतीतून उगवणाऱ्या 'जिस्ट' या अर्बुदाशी होतो. प्रतिमेत दोन्ही सारखी दिसू शकतात. उपचार मात्र अगदी निराळे. फरक कळतो तो पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत. पेशीच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन साचलेले दिसले तर कौल डेस्मॉइडकडे झुकतो. सीडी ११७ हे प्रथिन सापडले तर जिस्टकडे. ही रंजनपद्धत फार दुर्मीळ नाही, पण ती मागवण्यासाठी आधी शंका यावी लागते.

उपचारांच्या बाबतीत तर डेस्मॉइडने वैद्यकशास्त्राला नम्रता शिकवली आहे. गाठ दिसली की कापून काढायची, हा अनेक दशकांचा नियम होता. पण काढलेल्या जागी ती पुन्हा उगवे, आणि शस्त्रक्रियेची जखम हीच कधी नव्या गाठीचे निमित्त ठरे. पोटातील गाठीसोबत आतड्याचा मोठा भाग गमावलेले रुग्ण पुढे अन्न पचवू न शकल्याने खंगत. २०१८ मध्ये सोराफेनिब या औषधाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ८७ रुग्णांपैकी ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात दोन वर्षांनंतर ८१ टक्के रुग्णांचा आजार वाढला नव्हता; ज्यांना औषधाच्या नावाखाली निष्क्रिय गोळी मिळाली त्यांच्यात ३६ टक्क्यांचा. हा मोठाच विजय होता. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक विचार करायला लावतो: निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २० टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय प्रमाणात आक्रसली. काहीही न करता. म्हणून आज बहुसंख्य रुग्णांत पहिला उपचार म्हणजे ठरावीक काळाने एमआरआय काढून डोळ्यात तेल घालून पाहत राहणे. गाठ वाढलीच, किंवा आतड्याच्या मार्गात आली, तर औषध; आणि शस्त्रक्रिया निवडक प्रसंगीच.

या औषधाच्या कथेत मुंबईचाही एक अध्याय आहे. सोराफेनिब हे मुळात मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगाचे औषध. त्याच्या महिनाभराच्या गोळ्यांची किंमत भारतात सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला गेला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा मिळाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये तो निर्णय उचलून धरला. त्या वेळी डेस्मॉइडचा विचार कुणाच्याही मनात नव्हता. तरीही सहा वर्षांनंतर, एका वेगळ्याच दुर्मीळ आजारासाठी ते औषध उपयोगी ठरले तेव्हा भारतात ते परवडण्याजोगे झालेले होते. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये खास डेस्मॉइडसाठी निरोगासेस्टॅट या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. ते इथल्या रुग्णांच्या आवाक्यात येईल की नाही, हा प्रश्न २०१२ च्या त्या निर्णयाची आठवण ठेवूनच विचारावा लागेल.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. ज्या देशात क्षयरोग, रक्तक्षय आणि मधुमेह यांनी रुग्णालये भरून वाहतात, तिथे दहा लाखांत चार जणांना होणाऱ्या आजारावर पैसा का घालवायचा? आक्षेप गंभीर आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण येथे मागणी नव्या यंत्रांची नाही. पैसा आजही खर्च होतोच आहे. तो चुकीच्या टप्प्यावर होतो, एवढाच मुद्दा आहे. आयुष्मान भारत योजना गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, परंतु ती रुग्णालयात भरती होण्याशी बांधलेली आहे. बाह्यरुग्ण विभागातला खर्च तिच्यात बसत नाही. म्हणजे डेस्मॉइडच्या रुग्णाने आतड्यासकट गाठ काढून घेतली तर तिजोरी उघडते; शास्त्राच्या सल्ल्याप्रमाणे दर काही महिन्यांनी एमआरआय काढून वाट पाहायची म्हटले, तर खर्च त्याच्या खिशातून. ज्या आजारात थांबणे हा उपचार आहे, तिथे व्यवस्था कापण्याचेच पैसे मोजते. हा डॉक्टरांचा दोष नाही. हिशेबाच्या रचनेचा आहे, आणि रचना बदलता येते.

दुसरी उणीव नोंदींची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ पासून चालू आहे, पण त्याचा रोख साहजिकच दुर्धर अर्बुदांवर आहे. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले, त्याचा भर मुख्यत्वे आनुवंशिक विकारांवर. पोटातले सौम्य पण घातक अर्बुद या दोन चौकटींच्या मधोमध पडते. कर्करोग नाही म्हणून एका वहीत नाही, आणि ठरलेल्या यादीत नाही म्हणून दुसऱ्या वहीत नाही. जे मोजले जात नाही त्याचे धोरण होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांत मग एकेका रुग्णाच्या कहाण्या सुट्या मोत्यांसारख्या विखुरलेल्या राहतात. त्यांची माळ कोणी ओवत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. म्हैसूरसारख्या शहरातली वैद्यकीय महाविद्यालये आठवड्यातून एकदा शल्यविशारद, क्ष-किरणतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि संप्रेरकतज्ज्ञ यांना एका टेबलाशी बसवू शकतात. अधिवृक्क ग्रंथीची गाठ आणि आतड्याच्या पडद्यातली गाठ यांना सुरी लावण्यापूर्वी या बैठकीत चर्चा झालीच पाहिजे, एवढा नियमही अनेक जीव वाचवील. जिथे अनुभव कमी पडेल तिथे मदत मागण्याची वाटही तयार आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे आज तीनशेहून अधिक संस्थांना जोडते, आणि अवघड रुग्णांची चर्चा दूरस्थ पद्धतीने करण्याची त्याची पद्धत रुळलेली आहे. तिचे दार सौम्य अर्बुदांसाठीही मोकळेपणाने उघडावे. नोंदणी कार्यक्रमाने पोटातल्या निवडक सौम्य अर्बुदांसाठी एक रकाना वाढवावा. आणि विमा योजनांनी, सिद्ध झालेल्या निदानानंतरच्या देखरेखीला उपचार मानून तिचे पैसे द्यावेत.

आनुवंशिकतेचा मुद्दाही याच बैठकीत यायला हवा. फिओक्रोमोसायटोमा आणि त्याच्या भावंड-गाठींच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत जन्मजात जनुकीय बदल सापडतो, आणि काही डेस्मॉइड रुग्णांच्या कुटुंबांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती असते. अशा वेळी पोटातली एक गाठ म्हणजे भावंडांसाठी आणि मुलांसाठी वेळेवर मिळालेला इशारा असतो. गाठ ट्रेमध्ये ठेवून छायाचित्र काढले आणि कुटुंबाला घरी पाठवले, तर तो इशारा वायाच गेला.

वाचकांच्या हातातही एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी 'इतक्या किलोची गाठ' ही बातमी समोर आली, तर ती पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारता येतील. गाठीचे नाव काय होते, म्हणजे पॅथॉलॉजीचा अहवाल काय सांगतो? पहिली तक्रार आणि निदान यांत किती काळ गेला? आणि रुग्णाची पुढची देखरेख कोण करणार, कुणाच्या पैशाने? या प्रश्नांची उत्तरे वाचक मागू लागले तर पत्रकार ती विचारू लागतील; पत्रकार विचारू लागले तर रुग्णालये ती नोंदवू लागतील. बुलढाण्याच्या रुग्णालयात कुणीतरी पडद्याकडे दुसऱ्यांदा पाहिले, म्हणून एका बाळाची छत्तीस वर्षे वाचली. अशा बातम्यांत किलोचा आकडा छापण्याजोगा उरत नाही, आणि तेच यशाचे खरे लक्षण मानायला हवे.